२१२ कॅसेटी आणि एक मेलेला कॉम्प्युटर: मदरबोर्ड कुठला घेऊ?

जांभ्याचा_मास्तर (कुडाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न मदरबोर्डचा आहे, पण आधी पाल्हाळ लावतो. शाळेत पस्तीस वर्षं शिकवलंय, सवय जात नाही.

घरात बाबांच्या २१२ कॅसेटी आहेत. आकडा पक्का आहे, कारण प्रत्येकीवर त्यांनी निळ्या शाईने नंबर घातलाय. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायच्या आधीपासून, म्हणजे १९७९ पासून, कुडाळ-सावंतवाडी-वेंगुर्ला पट्ट्यात जिथे डबलबारी (दोन भजनी बुवांचा रात्रभर चालणारा सामना) असेल तिथे बाबा टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून हजर. दोन्ही बुवांच्या मधोमध जमिनीवर गोणपाटाची घडी, त्यावर माइक. रात्री दहाला गजर सुरू झाला की पहाटेपर्यंत चार-पाच कॅसेटी भरायच्या. बहुतेक नव्वद मिनिटांच्या, सगळ्या मोनो. शेवटची १९९६ ची. त्यातले निम्मेअधिक बुवा आता नाहीत, आणि माझ्या माहितीत या बाऱ्या दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

कॅसेट वाजवायचा डेक आहे. नव्वदीतला, स्टीरिओ, गेल्या वर्षी बेल्ट आणि पिंच रोलर बदलून घेतला. तो जुन्या ॲम्प्लिफायरला जोडलेला. कॉम्प्युटर मात्र गेला. २००८ चा कोअर टू ड्युओ होता, मदरबोर्डवरचे तीन कपॅसिटर डोकी वर काढून फुगलेत. त्यात २००५ साली हौसेने घेतलेलं एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ साउंड कार्ड आहे, ते अजून ठणठणीत. मागे सोनेरी चार आरसीए भोकं, बघूनच बरं वाटतं.

आता नवीन जुळवणी स्वतः करायची आहे. अटी अशा:

माजघरात ठेवायचा आहे आणि त्यावरच संध्याकाळी गाणी ऐकायची आहेत, म्हणून पंख्याची घरघर नको. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना घाम फुटतो, हेही लक्षात घ्या. लाइट दिवसातून दोनदा जाते, इन्व्हर्टर आहे. आणि जुन्या कार्डासाठी पीसीआय स्लॉट (कार्ड खोचायची जुन्या पद्धतीची खाच) हवा. बजेट ३५ हजार, मॉनिटर आहे.

इथल्या दुकानदाराने आय५, गेमिंगचा मदरबोर्ड, वर एक ग्राफिक कार्ड असं लिहून दिलंय. म्हणतो या बोर्डावर "हाय-फाय ऑडिओ" आहे, सोन्याच्या रंगाचे जपानी कपॅसिटर आहेत. कपॅसिटर या शब्दाला मी सध्या घाबरतो. काय करू?

---

पासोड्या_विठोबा (पुणे)

मास्तर, तो कागद चुलीत घाला.

मी बुधवार पेठेत रिपेरिंग करतो, रोज असले "हाय-फाय" बोर्ड उघडे पडलेले बघतो. बोर्डावरची साउंड चिप ऐकायला वाईट नसते, रेकॉर्डिंगला तिचा भरवसा नाही. कॅबिनेटच्या आत चारी बाजूंनी कचरा असतो: प्रोसेसरला वीज देणारं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, शेजारी ग्राफिक कार्ड, एसएसडी. माउस हलवला की हेडफोनमध्ये चिर्रर्र ऐकू आलंय का कधी? तोच तो. सोनेरी कपॅसिटरने ते जात नाही. आवाजाचं मोजमाप डब्याच्या बाहेर, युएसबीच्या वेगळ्या पेटीत करा. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. पैसे तिथे घाला, मदरबोर्डवर नको.

आता प्रोसेसर. तुम्ही मास्तर आहात, हिशेब करा. ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाची ९६,००० मोजमापं, प्रत्येक २४ बिटचं म्हणजे ३ बाइटचं, दोन चॅनल. ९६,००० गुणिले ३ बाइट गुणिले २, म्हणजे सेकंदाला ५ लाख ७६ हजार बाइट, म्हणजे ४.६ मेगाबिट. साधं युएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिटचं. शंभरावा हिस्सासुद्धा लागत नाही. या कामाला आय५ म्हणजे भाजी आणायला ट्रक.

इंटेलचा एन१०० बघा. २०२३ पासून मिळतोय, चार कोअर, ६ वॅटचा. प्रोसेसर बोर्डावरच डकवलेला येतो, वर नुसता ॲल्युमिनियमचा हीट सिंक, बऱ्याच बोर्डांना पंखाच नाही. आता घोळ कुठे होतो ते सांगतो, कारण गिऱ्हाईक रॅम परत द्यायला येतं. यातल्या काही बोर्डांना लॅपटॉपची बुटकी रॅम लागते, काहींना नेहमीची लांब. काही डीडीआर४, काही डीडीआर५. बोर्डाचं पूर्ण नाव वाचून मगच रॅम घ्या. आणि एकच स्टिक घ्या, या चिपला मेमरीचा चॅनलच एक आहे. ८ जीबी पुरे. रॅमचे भाव सध्या कडाडलेत, उगाच १६ नको.

दुसरं, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. प्रोसेसरचा पंखा काढलात आणि स्वस्तातला एसएमपीएस लावलात तर घरघर तिथून येणारच. याच जातीच्या काही बोर्डांना मागे लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा पिन असतो, एसएमपीएस लागतच नाही. ते बघा. ॲडॅप्टर मात्र तीन पिनी घ्या, दोन पिनी नको. का ते नंतर कळेल.

---

डोंबिवली_फास्ट

काका, जुळवणी कशाला? ऑफिसांतून निघालेले छोटे पीसी मिळतात: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी. आय५-८५००टी वगैरे, सहा कोअर, ३५ वॅट, जाड पुस्तकाएवढा डबा. आठव्या पिढीपासून विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, त्याखालचं घेऊ नका, विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला, रॅम-एसएसडी-विंडोजसह नव्या जुळवणीच्या निम्म्यात. पंखा आहे पण गाणी ऐकताना फिरतोय हे कळतही नाही.

नुसतं ऐकायचं असतं तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि वर डॅकची (डिजिटल फाइलचा आवाज करणारी) पट्टी, एवढंच म्हटलं असतं. पण तुम्हाला फायली कापायच्या, नावं द्यायची, खरखर काढायची आहे. त्याला पाय छळेल.

---

जांभ्याचा_मास्तर (कुडाळ)

विठोबाराव, हिशेब दोनदा करून पाहिला, बरोबर आहे. दुकानदारालाही दाखवला. तो म्हणाला, "सर, तुम्ही गेम खेळणार नाही का?" वय ६१.

फास्टभाऊ, सल्ला पटतो, पण वापरलेला डबा इथे आणायचा म्हणजे बिघडला की परत मुंबई. शिवाय खरं सांगू का, स्क्रू मला स्वतः पिळायचे आहेत. वर्गात मुलांना मदरबोर्ड उघडून दाखवायचो, आता घरी नातीला दाखवायचाय.

पण माझ्या पीसीआय कार्डाचं कोणीच बोललं नाही.

---

एडिसनचा_बंड्या (न्यू जर्सी)

कारण बोलण्यासारखं फार नाही, मास्तर. नव्या घरगुती बोर्डांवर पीसीआय स्लॉट जवळजवळ संपला. बाजारात पीसीआय-एक्सप्रेसमधून पीसीआय काढून देणारी ब्रिज कार्डं मिळतात, मी एक लावून पाहिलं. लिनक्समध्ये तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर आजही कर्नलमध्येच येतो, लगेच ओळखलं. पण कार्ड डब्याबाहेर लोंबकळत होतं, रिबन हलली की कॉम्प्युटर गोठायचा. दुसरा मार्ग म्हणजे बी७५ चिपसेटचा जुना बोर्ड, २०१२ च्या सुमारचा, त्यात इंटेलने पीसीआय ठेवलं होतं. म्हणजे एका म्हाताऱ्याला सांभाळायला दुसरा म्हातारा आणायचा.

आम्ही इथे हिवाळ्यात ह्युमिडिफायर लावतो आणि तुम्ही भिंतींचा घाम पुसता. माझ्या आज्जीचं घर पिंगुळीला, म्हणून हा धागा उघडला.

---

खर्जातली_ताई (मुंबई)

मी डबिंग आणि जुन्या ध्वनिफितींच्या सफाईचं काम करते. मास्तर, ते कार्ड शोकेसमध्ये ठेवा. चांगलं होतं, त्याचा मान राखा, पण त्यासाठी मदरबोर्ड निवडू नका. बेरिंजरचं यूएमसी२०२एचडी किंवा फोकसराइटचं स्कारलेट २आय२ यातलं जे नवं, बिलासकट मिळेल ते घ्या. तुमच्या कामात दोघांतला फरक ऐकू येणार नाही.

लोक तुम्हाला लेटन्सीच्या, म्हणजे आवाज उशिरा पोचण्याच्या, गोष्टी सांगून घाबरवतील. तुम्ही स्वतः गात गात रेकॉर्ड करणार नाही, त्यामुळे बफर (कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून उचलतो तो साठा) १०२४ ला ठेवा आणि विसरा. गाताना स्वतःचा आवाज उशिरा कानावर आला तर गायक अडखळतो. कॅसेटला काही फरक पडत नाही.

९६ किलोहर्ट्झ की ४८? ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगते. तुमच्या बाबांच्या मोनो यंत्राने १२-१३ किलोहर्ट्झच्या वर क्वचितच काही धरलं असेल. ४८ घ्या. २४ बिट मात्र घ्याच, कारण बारीत झांज कधी अंगावर येईल सांगता येत नाही. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा दणका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

डिस्कचा हिशेब: २१२ कॅसेटी, दीड तास धरली तर ३१८ तास. ४८/२४ मध्ये तासाला साधारण १ जीबी, म्हणजे सगळं मिळून ३३० जीबी. फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) केलंत तर त्याहून बरंच कमी. ५०० जीबीची एसएसडी पुरते. उरलेल्या पैशात दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. दुसऱ्या खोलीत नाही, दुसऱ्या गावी.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. रीळ खिडकीतून उजेडात धरून बघा. पांढरी पूड किंवा कोळिष्टकासारखं दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या दहा कॅसेटींना लागते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात आधी वाळू द्या, मग तोंडाला फडकं बांधून, उघड्यावर, मऊ कापडाने. चांगल्या कॅसेटी आधी करा.

प्रत्येक कॅसेटला हेडचा ॲझिमथ जुळवा. डेकचं झाकण काढलं की हेडशेजारी एक बारीक स्क्रू दिसेल. हेडफोन मोनोवर ठेवून तो अगदी थोडा-थोडा फिरवा. झांज जिथे सगळ्यात लख्ख वाजेल तिथे थांबा. बाबांच्या यंत्राचं हेड ज्या कोनात होतं तो कोन तुम्ही शोधताय. या एका स्क्रूने जो फरक पडतो तो तीस हजारांच्या मदरबोर्डने पडत नाही.

---

जांभ्याचा_मास्तर (कुडाळ)

पाच आठवड्यांनी हजर. घेतलं ते असं: एन१०० चा पंखा नसलेला मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड, १९ व्होल्टवाला, ॲडॅप्टर तीन पिनी. ८ जीबीची एक लांब स्टिक (नाव तीनदा वाचून), ५०० जीबी एसएसडी, यूएमसी२०२एचडी, दोन हार्ड डिस्क. एक डिस्क बहिणीकडे मिरजेला जाणार. सगळं ३५ च्या आत बसलं, वर चारशे रुपये उरले त्याची नातीने आइस्क्रीमं खाल्ली. कॅबिनेटच्या जाळ्यांना आतून मच्छरदाणीचं कापड चिकटवलंय, कारण मागच्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये पाल मेली होती. हा डबा चालू असताना कान लावला तरी काही ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी बंद आहे समजून मी दोनदा बटण दाबलं.

आता रड. कॅसेट नंबर १२ लावली. ॲम्प्लिफायरच्या हेडफोनच्या भोकातून जाड पिनीची वायर थेट इंटरफेसच्या पहिल्या भोकात. स्पीकरवर बुवा खणखणीत गातायत. रेकॉर्ड झालेली फाइल वाजवली तर बुवा नाहीतच! नुसती टेपची सळसळ, आणि लांब कुठेतरी डोंगरापलीकडे झांज वाजावी तशी वाजतेय. तीनदा केलं. नात म्हणते, "आबा, भुताची बारी." नवा इंटरफेस बिघडका आला काय?

---

पासोड्या_विठोबा (पुणे)

इंटरफेस चांगलाय. वायर स्टीरिओची आहे ना, पिनीवर दोन काळ्या रिंगा असलेली? तिथेच घोटाळा.

इंटरफेसचं ते भोक बॅलन्स्ड आहे. ते पिनीच्या टोकावरचा सिग्नल घेतं, मधल्या रिंगवरचा त्यातून वजा करतं आणि उरेल ते रेकॉर्ड करतं. स्टुडिओच्या वायरीत रिंगवर उलटा सिग्नल असतो, म्हणून वजाबाकीत आवाज दुप्पट होतो आणि वाटेत शिरलेली घाण जाते. तुमच्या हेडफोनच्या वायरीत मात्र टोकावर डावा, रिंगवर उजवा. बाबांचं रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे डावा-उजवा सारखेच. सारख्यातून सारखं वजा केलं, बुवा शून्य. दोन्ही ट्रॅकवर सळसळ वेगवेगळी असते, म्हणून ती राहिली. झांजेचे वरचे सूर दोन्हीकडे किंचित मागेपुढे झालेत, म्हणून थोडी झांज राहिली. याचा अर्थ ॲझिमथ अजून जुळलेला नाही, ताईंना सांगू नका.

ॲम्प्लिफायरच्या मागे "टेप आउट" असेल. तिथून दोन आरसीए, टोकाला दोन साध्या मोनो जाड पिना, एक रिंगवाल्या. पहिली पहिल्या भोकात, दुसरी दुसऱ्यात. इंटरफेसवरचं बटण "लाइन" वर.

---

जांभ्याचा_मास्तर (कुडाळ)

बुवा परत आले! पण एकटे नाही आले, भुंगा घेऊन आले. मागे सारखं "भ्र्र्र्र". गौळणीच्या हळू जागी तर बुवांपेक्षा भुंगाच मोठा. कॅसेट बंद केली तरी चालूच. कॉम्प्युटर बंद केला की जातो. आणि कॅबिनेटच्या स्क्रूला ओल्या हाताने बोट लागलं तर मुंग्या येतात. टेस्टर लावला, पेटला!

---

पासोड्या_विठोबा (पुणे)

म्हणून तर तीन पिनी सांगितला होता.

ओला हात लावणं आधी बंद करा. आता ऐका. ॲडॅप्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बारीक कपॅसिटर अर्थच्या पिनेला जोडलेले असतात, गोंगाट जमिनीत सोडायला. अर्थिंग धड असेल तर सगळं गपचूप जमिनीत जातं. अर्थिंग नसेल तर डबा मधल्यामध्ये लटकतो, अर्ध्या व्होल्टेजवर, ११० ते १२० च्या आसपास. करंट बारीक असतो, जीव सहसा घेत नाही, पण टेस्टर पेटतो आणि तो करंट जायला वाट शोधतो. तुमच्या घरात त्याला वाट कुठली मिळाली ते सांगतो: डबा, युएसबी, इंटरफेस, ऑडिओ वायरीची जाळी, ॲम्प्लिफायर. पुढे काय? ॲम्प्लिफायरला टीव्ही जोडलाय का, आणि टीव्हीला छपरावरची डिश?

डिशची केबल काढा आणि भुंगा ऐका. कमी झाला तर चोर सापडला. पण तो उपाय नव्हे. उपाय वायरमनला बोलावून अर्थिंग तपासणं. फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट दाखवायला हवं. स्वतः मल्टिमीटर घेऊन बोर्डात शिरू नका. आणि कोणी सांगितलं की अर्थची पिन कापा, भुंगा जाईल, तर त्याला घराबाहेर काढा.

इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्ह देत नाहीत, त्यांचा भुंगा वेगळा.

---

डोंबिवली_फास्ट

मी मागे आरसीए वायरीत बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर (भुंगा अडवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावला होता, दोनशे रुपयांत काम झालं.

---

खर्जातली_ताई (मुंबई)

झालं, पण पखवाजाचा खर्जही थोडा खाल्ला असेल त्याने. त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांना खालचे सूर झेपत नाहीत. मास्तरांकडे डग्ग्याचा घुमार आधीच कमी आहे, तो मी तरी विकणार नाही.

---

जांभ्याचा_मास्तर (कुडाळ)

डिश काढली, भुंगा तीन-चतुर्थांश गेला. विठोबाराव, तुम्ही पुण्यात बसून माझं छप्पर बघितलंत.

वायरमन आला. फेज ते अर्थ ९० व्होल्ट. बोर्डातली हिरवी तार शोधत शोधत पडवीपर्यंत आलो, आणि तिथे ती संपली. सहा वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक घातले तेव्हा कामगाराच्या कुदळीने तोडली असणार. सहा वर्षं फ्रिज, पंप, सगळं अर्थिंगशिवाय चाललंय आणि मला भुंगा आल्यावर कळलं. मुलीला सांगितलं तर ती मदरबोर्डबद्दल काही न बोलता फक्त "बाबा!" म्हणाली.

नवा खड्डा विहिरीच्या बाजूला घेतला, सांडपाणी जातं तिथे. आमचा जांभा पाणी धरत नाही, एप्रिलमध्ये खडखडीत होतो, म्हणून वायरमननेच ती जागा सुचवली. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, वर पाणी ओतायला पाइप. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली ओतायची. खर्च इंटरफेसच्या निम्म्याने आला. न्यूट्रल ते अर्थ आता १.४. टेस्टर पेटत नाही. डेक, ॲम्प्लिफायर, कॉम्प्युटर तिन्ही प्लगच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले. डिश परत लावली, भुंगा नाही. हेडफोन घालून डोळे मिटून बसलो, टेपची सळसळ सोडून काही नाही. पावसाच्या सरीसारखी सळसळ.

आता ताई, एक तुमच्यासाठी. ३७ नंबरची ब बाजू. बुवांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी दोन, हे मला पक्कं माहीत आहे, त्यांच्या पेटीवर मी लहानपणी बोटं घातलीयेत. बाजू सुरू होते ती काळी दोनला. अर्ध्या तासाने पेटी अर्धा सूर वर, पांढरी तीनला येते, बुवा बारीक आवाजात भरभर गायला लागतात. बारी रंगली म्हणून पट्टी चढवली म्हणावं तर पेटी अशी हळूहळू चढत नाही. डेक बिघडला का?

---

खर्जातली_ताई (मुंबई)

डेक ठीक आहे. त्या रात्री सेल उतरत गेले. टेप हळू फिरली आणि रेकॉर्ड होत राहिली, आज तुम्ही ती पूर्ण वेगात वाजवताय, म्हणून सूर चढतो. अर्धा सूर म्हणजे साधारण ६ टक्के. पेटीची पट्टी तुम्हाला ठाऊक आहे हे मोठं नशीब, बहुतेक वेळा आम्हाला अंदाजच करावा लागतो. मूळ फाइल आहे तशीच ठेवा, तिला हात लावू नका. तिची नक्कल काढा आणि नकलेत पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेऊन, प्रत्येक ठिकाणी पेटीचा षड्ज काळी दोनला येईल असा वेग उतरवत जा. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये "चेंज स्पीड अँड पिच" (जुन्या आवृत्तीत नुसतं "चेंज स्पीड") घ्या, नुसतं "चेंज पिच" नव्हे. इथे सूर आणि वेग दोन्ही चुकलेत.

---

जांभ्याचा_मास्तर (कुडाळ)

बरोबर निघालं. पुढे ऐकत गेलो. एकेचाळिसाव्या मिनिटाला बुवा तान घेतायत आणि माइकच्या अगदी जवळून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "रे, शेल हाड. पिशयेत आसत." (सेल आण, पिशवीत आहेत.) मग खट्ट. पुढे पेटी पुन्हा काळी दोनला.

बाबा आहेत ते. २१२ पैकी ५३ झाल्या, आतापर्यंत एवढंच बोललेत.

बुरशीच्या १९ निघाल्या, त्या डब्यात वाळतायत. रोज दोन या हिशेबाने उरलेल्या ऑगस्टपर्यंत लागतील, पण लाइटीचा भरवसा नाही. ताई, हेड कितव्या कॅसेटीनंतर पुसायचं ते राहिलं विचारायचं.

---

खर्जातली_ताई (मुंबई)

चार-पाच कॅसेटी झाल्या की. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी. पिंच रोलरच्या रबराला मात्र ते लावू नका, तिथे साबणाचं पाणी. आणि ३७ ब ची ती नक्कल करताना चाळीस ते बेचाळीस मिनिटं कापू नका.